मुलींचा अनैतिक व्यापार : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील धोके, प्रतिबंध आणि रुग्णालयाचे कर्तव्य

(अभ्यासलेख)



धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, शिबिरांचा वृत्तान्त आणि जमाखर्चाचा ताळेबंद वाचण्याची आपणांस सवय आहे. त्या पानांत मुलींच्या अनैतिक व्यापारावरील लेख पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. हा विषय पोलिसांचा आहे, न्यायालयाचा आहे, फार तर समाजसेवी संस्थांचा आहे. रुग्णालयाने त्यात का पडावे, असा प्रश्न स्वाभाविक होय. त्याचे उत्तर साधे आहे. घरापासून दूर नेलेली आणि देहविक्रयात अथवा तत्सम शोषणात अडकवलेली मुलगी आपण होऊन पोलीस ठाण्यात क्वचितच जाते. परंतु तिला ताप येतो, तिला दिवस राहतात, गर्भपात होतो, मारहाणीची जखम चिघळते, आणि मग तिला कोणत्या ना कोणत्या डॉक्टरपुढे आणणे तिला बाळगणाऱ्यांनाही भाग पडते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा शोषणातून बाहेर पडलेल्या स्त्रियांपैकी ८७.८ टक्के स्त्रियांनी शोषण सुरू असतानाच्या काळात आपण कोणत्या तरी वैद्यकीय सेवेपर्यंत पोहोचलो होतो असे सांगितले. तो देश वेगळा, तेथील व्यवस्था वेगळी. ती टक्केवारी जशीच्या तशी आपल्याकडे लावता येणार नाही. तथापि डॉक्टरपर्यंत पोहोचूनही यांतील बहुतेकींना कोणी ओळखले नाही, ही त्या अभ्यासातील बाब आम्हांस अधिक अस्वस्थ करणारी वाटते.

या लेखात आम्ही आमच्या रुग्णांची उदाहरणे दिलेली नाहीत. पीडित स्त्रीची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याहून व्यावहारिक कारण असे की, आपल्या दोन तालुक्यांत नाव बदलून केवळ पाड्याचा आणि वर्षाचा उल्लेख केला तरी मुलगी कोण हे चार जणांना कळते. म्हणून जे सार्वजनिक नोंदींत आहे आणि जे या भागात सर्वसाधारणपणे दिसते, तेवढ्याच आधारावर हे विवेचन केले आहे.

तस्करी कशास म्हणावे

मुलीला गुंगीचे औषध देऊन पळवून नेले, असे चित्र चित्रपटांनी आपल्या मनात पक्के केले आहे. तशा घटना घडत नाहीत असे नाही. परंतु या चित्रामुळे एक मोठे नुकसान झाले आहे. ज्या मुलीला कोणी पळवून नेले नाही, जी स्वतःच्या पायांनी चालत, आईवडिलांच्या संमतीने, ओळखीच्या माणसाबरोबर गेली, तिची तस्करी झाली असे कोणाच्या मनातही येत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली मान्य केलेल्या आणि भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या करारात मानवी तस्करीची व्याख्या तीन अंगांनी केली आहे : माणसाला मिळवणे वा नेणे ही कृती, बळजबरी किंवा फसवणूक यांसारखे साधन, आणि शोषण हा हेतू. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत साधन कोणते वापरले हे पाहण्याचीही गरज नाही. शोषणाच्या हेतूने नेले एवढे पुरे होते. आपल्या देशात न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींनंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तीच तरतूद आली आहे. अल्पवयीन मुलीच्या तस्करीस किमान दहा वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा आहे. या कलमातील दोन गोष्टी आपल्या भागासाठी अत्यंत महत्त्वाच्या आहेत. पहिली, पीडितेची संमती होती की नव्हती हा मुद्दाच गैरलागू ठरतो. दुसरी, त्या व्यक्तीवर ज्याचा ताबा आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे वा लाभ देणे, हेही तस्करीचे साधन मानले आहे. म्हणजे बापाच्या हातावर पैसे ठेवून मुलगी नेली आणि पुढे तिचे शोषण केले, तर ‘बापाने स्वखुशीने पाठवली’ हा बचाव होऊ शकत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कामासाठी गाव सोडणे म्हणजे तस्करी नव्हे. शहापूर-मुरबाडमधील हजारो कुटुंबे दरवर्षी पोटासाठी बाहेर पडतात. त्यांच्याकडे संशयाने पाहणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल. तसेच प्रौढ स्त्रीने स्वतःच्या निर्णयाने पत्करलेला देहविक्रय आणि तस्करी यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांत अशा स्त्रियांनाही सन्मानाने वागवावे आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्यास इतर कोणाही पीडितेप्रमाणे तत्काळ वैद्यकीय साहाय्य द्यावे, असे म्हटले आहे.

उचल, खर्ची आणि देज

या दोन तालुक्यांची ओळख वाचकांस करून देण्याची गरज नाही. तरी विषयाच्या दृष्टीने काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. शहापुरात साधारण तिसरा हिस्सा आणि मुरबाडमध्ये साधारण चौथा हिस्सा आदिवासी बांधवांचा : ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापुरात आहेत. त्यांच्या काठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आता सांगूनही कोणास नवल वाटत नाही. कातकरी समाजाची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. खैरापासून कात काढण्याचा पिढीजात व्यवसाय जंगल कायद्यांनी संपला, जमीन बहुतेकांच्या नावे नव्हतीच, आणि उरली ती केवळ अंगमेहनत.

या अंगमेहनतीचे एक पंचांग आहे. ते समजल्याशिवाय धोका केव्हा वाढतो हे समजत नाही. आषाढात भाताची आवणी होते, तेव्हा हाताला काम असते. श्रावण-भाद्रपदात काम थांबते, घरातील दाणे संपतात, पावसाळी आजार वाढतात आणि गणपतीचा सण तोंडावर येतो. नेमक्या याच वेळी वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो आणि पुढच्या हंगामासाठी उचल देतो. दिवाळीनंतर बिऱ्हाडे भिवंडी, कल्याण, पनवेल, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात. तेथे आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि पाऊस पडण्यापूर्वी हिशेब होतो. हिशेबात पुष्कळदा मजुराकडेच बाकी निघते. ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे यावे लागते.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमानुसार, आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्याचा वा हिंडण्याफिरण्याचा हक्क गमवावा लागला, तर ती वेठबिगारी होय. सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या १९८३ च्या निकालात याही पुढे जाऊन, सक्तीचे श्रम दिसले की त्यामागे उचल आहे असेच गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची, असे सांगितले. ठाणे जिल्ह्यात १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने आणि त्याही पूर्वी किसान सभेने या प्रश्नावर लढे दिले. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे भरलेल्या किसान परिषदेनंतर वारल्यांचा जो उठाव झाला, त्यातील एक प्रमुख मागणी ‘लग्नगडी’ची प्रथा बंद करण्याची होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जमीनदाराकडे राबत आणि त्या बायकोवर जमीनदार आपला हक्क समजत असे. ऐंशी वर्षांपूर्वीची ही गोष्ट आम्ही येथे मुद्दाम आठवतो. कर्ज, लग्न आणि स्त्रीचा देह या तीन गोष्टींची गाठ या जिल्ह्यात जुनी आहे. जमीनदार गेला, तरी ती गाठ पुरती सुटलेली नाही.

२०२२ साली कसारा घाटापलीकडच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले किरकोळ रकमेच्या वा एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्याच्या कामासाठी अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दिली गेल्याचे उघडकीस आले. त्यांतील एका लहान मुलीच्या मृत्यूनंतरच या प्रकाराला वाचा फुटली. ते प्रकरण देहविक्रयाचे नव्हते. परंतु मूल मागणारा ओळखीचा माणूस, अडचणीत असलेले आईबाप, हातावर ठेवलेली रक्कम आणि नंतर कोणीही न केलेली चौकशी, ही वाट एकच आहे. त्या वाटेने गेलेली मुलगी पुढे मेंढ्यांमागे जाईल, घरकामाला लागेल, की आणखी कोठे विकली जाईल, हे तिला नेणाऱ्याच्या मर्जीवर ठरते.

लग्नाची वाट याहूनही नाजूक आहे. या भागातील आदिवासी समाजांत वराने वधूच्या घरी ‘देज’ देण्याची रीत आहे. हुंड्याच्या तुलनेत ती स्त्रीला अधिक मान देणारी, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे आणि आम्हांसही ते पटते. परंतु बाहेरचा माणूस याच रीतीचा आडोसा घेतो. घाटावरच्या गावांतून, परजिल्ह्यांतून, क्वचित परराज्यांतून ‘स्थळ’ येते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. जेथे मुली जन्मूच दिल्या नाहीत, तेथील मुलगे आता लग्नाचे झाले आहेत आणि त्यांना मुली मिळत नाहीत. मध्यस्थ पैसे घेतो, काही भाग बापाला देज म्हणून देतो, आणि पाड्यावर कोणास वावगे दिसत नाही, कारण देज तर पूर्वापार देतातच. रीतीतले लग्न आणि व्यवहारातले लग्न ओळखण्याची आमची कसोटी अशी : रीतीच्या लग्नात दोन्हीकडची माणसे परस्परांच्या घरी जातात, जातपंचांना व गावाला ठाऊक असते, मुलगी सणाला माहेरी येते. ज्या लग्नानंतर मुलगी पहिल्या दिवाळीला आली नाही आणि तिचे सासर नेमके कोठे हे आईला सांगता येत नाही, तेथे चौकशी झालीच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, राज्यातील वीस ते चोवीस वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. म्हणजे अल्पवयीन वधू पाहून कोणी दचकत नाही, आणि मध्यस्थाला हवे असते ते नेमके हेच.

मुंबईच्या दारातील तालुके

आसनगाव वा कसाऱ्याहून निघालेली लोकल कल्याणमार्गे थेट मुंबईत जाते. मुरबाडला रेल्वे नसली तरी एस.टी.ने कल्याण गाठता येते. भिवंडी आणि पडघ्याची गोदामे, कल्याण-बदलापूरकडची घरकामे, लग्नसराईतील वाढप्याची कामे यांसाठी मुली रोज जातात आणि त्यांतील बहुसंख्य सुखरूप परत येतात. याच वाटेवर भिवंडीची हनुमान टेकडी आहे आणि पुढे कामाठीपुरा.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील कुंटणखान्यांवर पोलिसांनी घातलेल्या छाप्यांत चारशेहून अधिक मुली व स्त्रिया सोडवल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. तेव्हा सोडवलेल्यांना ठेवायचे कोठे, त्यांची तपासणी कोणी व कशी करायची, परत पाठवायचे ते कोणाच्या हाती, याची कोणतीच तयारी नव्हती. त्या धड्यातूनच पुढची पुष्कळ धोरणे आकाराला आली. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेने तेथील स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर चालवून पुढची पिढी त्या व्यवसायात ओढली जाऊ नये यासाठी एक मार्ग दाखवला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००२-०३ मध्ये करवून घेतलेल्या आणि पी. एम. नायर व शंकर सेन यांनी सिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासाने आणखी एक समज दूर केला. हा व्यापार मुख्यतः सीमेपलीकडून होतो असे मानले जाई. प्रत्यक्षात त्याचा फार मोठा भाग देशांतर्गतच चालतो, असे त्यात दिसून आले.

वैद्यकीयदृष्ट्या सर्वाधिक बोलका पुरावा २००७ सालचा आहे. भारतातून सुटका होऊन नेपाळला परतलेल्या २८७ मुली व स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास एका प्रख्यात अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३८ टक्के जणींना एच.आय.व्ही.ची लागण झाली होती. ज्यांना पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच विकले गेले होते, त्यांच्यात हे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक होते. वय जितके कोवळे तितकी इजा अधिक, बंदिवास दीर्घ आणि नकार देण्याची शक्ती कमी. या व्यापारात कोवळ्या वयालाच किंमत जास्त मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

अलीकडे हा व्यवहार ठरावीक वस्त्यांपुरता राहिलेला नाही. भाड्याच्या सदनिका, महामार्गावरील लॉज आणि मोबाईल फोन यांमुळे तो विखुरला आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुक्यातून जाणारा हा रस्ता शेतमालाला आणि रुग्णवाहिकेलाही वेगवान झाला आहे, आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण घाटावरचा माणूस आता सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो, एवढेही आम्ही नोंदवतो.

बाह्यरुग्ण विभागात ओळखावे कसे

परदेशी रुग्णालयांनी तस्करीच्या बळी ओळखण्यासाठी याद्या तयार केल्या आहेत. अंगावर गोंदण, ओळखपत्र जवळ नसणे, कुपोषण, पैसे रोख देणे, स्वतःचा पत्ता न सांगता येणे, सोबतच्या व्यक्तीनेच सर्व उत्तरे देणे, डोळ्याला डोळा न भिडवणे, अशी लक्षणे त्यांत असतात. ही यादी आमच्या बाह्यरुग्ण विभागात लावली, तर दुपारपर्यंत निम्म्या स्त्रिया संशयित ठरतील. गोंदण ठाकर-कातकरी स्त्रियांचा दागिना आहे. रक्तक्षय येथे सार्वत्रिक आहे. कागदपत्रे पावसात भिजून गेलेली असतात. आणि डॉक्टरपुढे मान वर करून बोलण्याची सवय कोणी लावलेलीच नसते. म्हणून आम्ही एकेका लक्षणाकडे न पाहता विसंगतीकडे पाहावे असे ठरवले आहे.

सोबत आलेला माणूस स्वतःला नवरा म्हणवतो, पण तिच्या आईचे नाव वा पाडा त्याला माहीत नाही. ती कातकरी बोलीतील प्रश्नाला दचकून वर पाहते, आणि त्याला ती बोली कळत नाही म्हणून तो चिडतो. केसपेपरावर मागच्या वेळी सतरा लिहिलेले वय या वेळी एकवीस सांगितले जाते. ‘मावशी’ म्हणून आलेली बाई औषधांचे पैसे देते, मात्र तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबायला तयार नसते. वारंवार होणारे ओटीपोटाचे दुखणे वा गुप्तरोग यांवर आधी वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या नावांनी उपचार झालेले असतात. यांतील एका गोष्टीने काहीच सिद्ध होत नाही. दोन-तीन एकत्र आल्या, तर तिच्याशी एकटीशी बोलणे आवश्यक ठरते.

हे एकटीशी बोलणे हीच सर्व ओळखीची किल्ली आहे आणि येथेच आमची रुग्णांच्या नातेवाइकांस कळकळीची विनंती आहे. तपासणीच्या वेळी आपणांस बाहेर थांबावयास सांगितले, तर कृपया राग मानू नये. आपल्यावर संशय आहे म्हणून नव्हे, तर प्रत्येक स्त्री रुग्णाशी दहा मिनिटे एकटीशी बोलायचे असा नियम असेल तरच ज्या एकीला त्याची गरज आहे तिला तो उपयोगी पडेल. संशय आल्यावरच नातेवाइकाला बाहेर काढले, तर चुकीच्या माणसाला ते तत्क्षणी कळते आणि त्या मुलीला दुसऱ्या दिवशी भलत्याच गावी हलवले जाते. पोक्सो कायद्याच्या कलम २७ मध्ये, बालकाची तपासणी आईवडील वा ज्याच्यावर त्या बालकाचा विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत व्हावी आणि मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करावी, असे म्हटले आहे. ‘सोबत आलेली व्यक्ती’ असे तेथे म्हटलेले नाही. तशी विश्वासाची व्यक्ती नसेल, तर रुग्णालयप्रमुखाने नेमलेल्या स्त्रीच्या उपस्थितीत तपासणी होते.

एकटी भेटल्यावर विचारायचे काय? ‘तुझी तस्करी झाली का?’ या प्रश्नाला कोणीही होकार देणार नाही. तो शब्दच तिच्या जगात नाही. तिने काय सोसले याची उलटतपासणीही करू नये. तुला घरी जावेसे वाटले तर कोणाला विचारावे लागते? मजुरीचे पैसे कोणाच्या हातात पडतात? उचल कोणी घेतली होती? रात्री दाराला कडी आतून असते की बाहेरून? आईशी शेवटचे कधी बोललीस? असे साधे प्रश्न पुरतात. ती काही बोलली नाही, तरी हरकत नाही. पुन्हा येण्याची तारीख द्यावी, ती तारीख औषधाच्या निमित्ताने असावी, आणि सोबतच्या माणसाशी वाद घालू नये.

वयाचा कागद

मुलगी अल्पवयीन आहे की नाही, यावर सारा खटला उभा राहतो किंवा कोसळतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा वा शालान्त परीक्षेचा दाखला, तो नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची क्ष-किरण तपासणी, असा क्रम आहे. हाडांच्या तपासणीतून वयाचा अंदाज मिळतो, जन्मतारीख मिळत नाही; दोन वर्षांची तफावत सहज पडू शकते आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ती आरोपीच्या पथ्यावर पडते.

भट्टीवर जन्मलेल्या मुलीचा जन्म अनेकदा कोठेच नोंदला जात नाही. भिवंडीत नोंद नाही, कारण बिऱ्हाड तेथले नव्हे. पाड्यावर नोंद नाही, कारण बाळ तेथे जन्मले नाही. पुढे शाळेत दाखल करताना गुरुजी अंदाजाने तारीख घालतात. म्हणून आमच्या प्रसूती विभागाची जन्मनोंदवही हा मुलींच्या संरक्षणाचा एक मोठा दस्तऐवज आहे, असे आम्ही मानतो. कायद्याने जन्माची खबर एकवीस दिवसांत देणे आवश्यक आहे. रुग्णालयातील प्रसूतीची खबर रुग्णालयच देते. पण दाखल्याची प्रत मातेच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा करणे, हे काम अद्याप कोणाचेच नाही. तो दाखला पंधरा वर्षांनी कोणत्या न्यायालयात लागेल, हे आज कोणी सांगू शकत नाही.

कायद्याचे बंधन आणि मुलीचे भय

अल्पवयीन मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना खबर देणे पोक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सर्व रुग्णालयांनी, मग ती शासकीय असोत वा खाजगी, बलात्कारपीडितेस व पोक्सोखालील बालकास विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत आणि पोलिसांना कळवले पाहिजे. उपचार सुरू करण्यासाठी पोलिसांचे पत्र वा कोणताही कागद मागता येत नाही.

या तरतुदी योग्य आहेत. पण त्यांचा एक परिणाम प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने पाहिलेला असतो : गर्भवती अल्पवयीन मुलीचे कुटुंब पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात येतच नाही आणि भोंदूच्या हाती जाते. ही अडचण सर्वोच्च न्यायालयापुढेही होती. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने असे स्पष्ट केले की, अल्पवयीन मुलगी व तिचे पालक यांनी गर्भपातासाठी येऊन तशी विनंती केल्यास, डॉक्टरने खबर देताना तिचे नाव व तपशील उघड करण्याची गरज नाही. ही सवलत मुलीसाठी आहे. विनंती करणारा पालक खरोखरच पालक आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी लैंगिक अत्याचाराच्या तपासणीची पद्धत ठरवून दिली आहे. अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ त्यांत निषिद्ध ठरवली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याचा कठोर शब्दांत पुनरुच्चार केला. आपल्याच राज्यात, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, मुंबई महापालिका व ‘सेहत’ या संशोधन संस्थेने २००० साली ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केले. रुग्णालयाच्या आवारातच असल्यामुळे तेथे जाणारी स्त्री कोणाच्या नजरेत भरत नाही. ती ‘दवाखान्यात’ गेलेली असते. आमच्या मते खेड्यातील रुग्णालयासाठी याहून योग्य नमुना दुसरा नाही.

सुटकेनंतर आणि त्याआधी

सोडवलेली मुलगी बाल कल्याण समितीपुढे नेली जाते, काही काळ बालगृहात राहते आणि मग घरी येते. घरी काय असते? तीच उचल, तोच मुकादम, आणि आता त्यात बदनामीची भर. आधीची बाकी फिटलेली नसेल, तर ती पुन्हा त्याच वाटेने जाणार, हे उघड आहे. या ठिकाणी वेठबिगारीचा कायदा कामास येतो आणि त्याचा उपयोग फारच कमी होतो. २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व बालकांस २ लाख, आणि तस्करी वा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मुक्तता प्रमाणपत्र प्रशासनाकडून मिळवावे लागते. ते प्रमाणपत्र हाती पडले की कायद्याने ती उचल फेडण्याचे बंधनच संपते, ही गोष्ट मुलीच्या आईबापांना बहुधा कोणीच सांगितलेली नसते.

त्याआधीचे काम शाळेचे आहे. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. आश्रमशाळांनीही अनेक मुलींना तारले आहे. परंतु दहावीत अनुत्तीर्ण झालेली, वा आईच्या आजारपणामुळे नववीतून घरी आणलेली मुलगी कोणत्याच पटावर नसते. मध्यस्थ शोधतो ती हीच मुलगी.

आमच्या बाबतीत सांगावयाचे, तर दिवाळीनंतर लसीकरणाच्या व गरोदर मातांच्या नोंदवह्यांत ‘स्थलांतरित’ हा शेरा मोठ्या प्रमाणावर पडू लागतो. शेरा पडला की चौकशी संपते. शासनाच्या महिला व बालविकास विभागाने अंगणवाडीच्या लाभार्थींसाठी स्थलांतराचा मागोवा घेणारी प्रणाली सुरू केली आहे. तिच्याशी जोडून घेत आमच्या नोंदवहीत पाच रकाने वाढवण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत : कोठे, कोणाबरोबर, कोणत्या मुकादमाकडे, सोबत बारा ते अठरा वयाच्या मुली किती, आणि परत केव्हा. ही नोंद भाद्रपदात, उचल वाटली जाते तेव्हा, आरोग्यसेविकेने पाड्यावर बसून घ्यावयाची आहे. आणि ज्येष्ठात माणसे परतली की त्याच यादीने पुन्हा पाड्यावर जावयाचे आहे. जी मुलगी यादीत आहे पण परतली नाही, तिच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी गेले पाहिजे.

यासोबत दोन गोष्टींसाठी देणगीदारांचे साहाय्य अपेक्षित आहे. एक, बाह्यरुग्ण विभागालगत आतून कडी लागणारी, आवाज बाहेर न जाणारी लहानशी खोली. दुसरी, कातकरी व ठाकरी बोली जाणणाऱ्या, शक्यतो याच समाजातील दोन स्त्री समुपदेशकांचे वेतन. खोलीचा खर्च एकदाच होईल, वेतनाचा दरवर्षी. म्हणून दुसरी गोष्ट आम्ही अधिक महत्त्वाची मानतो. नातेवाइकांनी आपल्या पाड्यावरील एखादी मुलगी परतली नसल्यास पोलिसांसाठी ११२, अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक विनामूल्य वापरावेत. ज्यांना फोन करणे जमत नाही, त्यांनी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर ‘ताईंना भेटायचे आहे’ एवढेच सांगावे. कारण विचारले जाणार नाही आणि केसपेपरही काढावा लागणार नाही.